खोटी असल्याचा दाखला

सगळ्या जगात माणसं पारख्याकडे जातात ती ‘खरी आहे हो’ हे ऐकायला. या एका ऑफिसात मात्र लोक जीव मुठीत धरून बसायचे ते ‘खोटी आहे’ ऐकायला. आणि ऐकलं की असे खुलायचे, जसं काही पोरगं पहिलं आलंय.

त्याचं कारण अगदी साधं. शंभर वर्षांपेक्षा जुनं हत्यार देशाबाहेर न्यायला बंदी. मग कुणाला तलवार, कट्यार, खंजीर असलं काही बरोबर न्यायचं असेल तर आधी या ऑफिसात यायचं, वस्तू टेबलावर ठेवायची आणि ‘ही वस्तू जुनी नाही’ असा शिक्क्याचा कागद घ्यायचा. तो मिळाला तर जा विमानात. नाही मिळाला तर वस्तू परत घरी.

ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबोडकी खोली. खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. मधे मोठं टेबल, त्यावर जुनी घोंगडी, वर वाकवता येणारा दिवा, बाजूला वजनकाटा, कापसाचा गुंडा आणि केस वाळवायचं एक यंत्र. यंत्र कशाला ते पुढे कळेलच. आणि टेबलामागे भिंगबाई.

भिंगबाई तिचं खरं नाव नव्हे, हे काय सांगायला हवं? चष्मा एका दोरीला, भिंग दुसऱ्या दोरीला, दोन्ही गळ्यात. दिवसातून चार वेळा त्यांची गाठ बसायची आणि ती सोडवताना बाईसाहेब दोन्ही दोऱ्यांना नावं ठेवायच्या. एकोणतीस वर्षं हे काम. त्यामुळे सवय अशी लागलेली, की घरात आलेलं काहीही आधी उजेडात धरायचं, मग ठेवायचं. लग्नात सासूबाईंनी दिलेल्या अंगठीला ही पहिल्याच दिवशी ‘मुलामा आहे’ म्हणाली. खरंच मुलामा होता. म्हणूनच तर सासूबाई सहा महिने बोलल्या नाहीत. खोटं असतं तर आठवड्यात विसरल्या असत्या.

बाहेरच्या बाजारात लोक नव्या तलवारी जुन्या करतात. चहाच्या पाण्यात बुडवतात, मातीत पुरतात, अ‍ॅसिडनं डाग पाडतात. भिंगबाईच्या टेबलावर उलटा तमाशा. इथे जुन्या वस्तू नव्या होऊन यायच्या. कुणी पात्याला चांदीचा रंग फासायचं. कुणी दुकानातलं किमतीचं लेबल चिकटवायचं आणि ते चुकून राहिल्यासारखं तोंड करायचं. एका गृहस्थांनी तर दोनशे वर्षांच्या कट्यारीवर मशीननं ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ कोरून आणलं होतं. बाई कट्यारीकडे बघत राहिल्या, मग त्यांच्याकडे. “वाढदिवस कुणाचा, कट्यारीचा का?” गृहस्थ कट्यार उचलून निघून गेले, नमस्कारसुद्धा न करता.

तर अशा या ऑफिसात एका मंगळवारी सकाळी तिची थोरली बहीण आली. ताई.

ताई म्हणजे निवृत्त गणिताची मास्तरीण. आता शाळा नाही, पण खडू हातातून सुटला तरी बोट सुटलं नव्हतं. कुणाशीही बोलताना ते पुढे यायचंच. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा परदेशात, आणि त्यानं आता आईला कायमचं तिकडे बोलावलं होतं. घर आवरून झालं होतं. भांडी गेली, पुस्तकं गेली, कपाट शेजारणीनं नेलं. उरलं काय, तर दोन बॅगा आणि पलंगपोसात गुंडाळलेली ही एक लांबच लांब वस्तू.

“बाकी सगळं सोडलं मी,” ताई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. “हे नाही सोडणार. बाबांचं म्हणून एवढं एकच आहे माझ्याकडे. शनिवारी विमान आहे. दे तुझा तो कागद.”

भिंगबाईनं पलंगपोस उलगडायच्या आधीच ओळखलं. घरची तलवार.

आता या तलवारीचं थोडं सांगायला हवं. ती बाबांच्या बैठकीत भिंतीवर असायची. पणजोबांची, असं बाबा म्हणायचे. भिंगबाई तेव्हा नुसती धाकटी होती. नोकरीचं प्रशिक्षण घ्यायला गेली, तीन महिन्यांनी सुट्टीवर आली, डोक्यात पुस्तकं ताजी. आल्याआल्या स्टुलावर चढली. मुठीत स्क्रू दिसला, मशीनचे आटे असलेला. पितळही लेथवर कातलेलं. झालं! बैठकीत बाबांचे चार मित्र बसलेले, त्यांच्यासमोर ही स्टुलावरूनच म्हणाली, “बाबा, खोटी आहे ही.” बाबा म्हणाले, “बरं.” इतकंच.

पुढे वाटण्या झाल्या तेव्हा तलवार ताईला गेली. धाकटी म्हणाली, मला काय करायचीय खोटी तलवार. आतून मात्र लागलं होतं तिला. ताईनं ती हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावली आणि पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला पाणी द्यायच्या आधी तलवार दाखवली. “आमच्या पणजोबांची. अस्सल!” धाकटी तिथे असली की त्या ‘अस्सल’वर जरा जास्तच जोर.

आणि आता तीच ताई समोर बसून म्हणत होती, “खोटीच आहे गं ती. तूच तर म्हणाली होतीस.”

भिंगबाईला हसू फुटत होतं. तीस वर्षांनी का होईना, ताईच्या तोंडून ‘खोटी’ ऐकलं! पण तिनं चेहरा सरकारी ठेवला. “मला बघता येणार नाही, ताई. नातेवाइकाची वस्तू मी तपासायची नाही, नियम आहे. साहेब बघतील.”

“कोण साहेब?”

“मी,” पलीकडच्या टेबलावरून आवाज आला.

हे नवे साहेब. बत्तीस वर्षांचे, ऑफिसात येऊन आठ महिने झालेले. शर्ट असा कडक इस्त्रीचा की बसताना वाजायचा. हुशार होते, मेहनती होते, पण घाई फार. प्रत्येक वस्तू बघायला त्यांना दोन मिनिटं लागायची आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

“नमस्कार ताई,” म्हणत त्यांनी तलवार उचलली, तोलली, मूठ दिव्याखाली धरली. “अरेच्चा! हे बघा बाई, मशीनचा स्क्रू. पितळ लेथचं. फार तर साठ वर्षं.” पात्यावरून कापूस फिरवला. ताईनं आदल्या दिवशी ते भांड्यांच्या पावडरीनं घासून लख्ख केलं होतं, कापूस पांढराच्या पांढरा आला. “गंजसुद्धा नाही. शोभेची वस्तू आहे ही.” आणि शिक्क्याची डबी उघडली.

ताई खुर्चीत रेलली. तोंडावर असं समाधान, जसं काही वर्गातल्या सगळ्यांचं गणित एका फटक्यात बरोबर आलंय.

भिंगबाईला खरं तर आता काहीच करायचं नव्हतं. फाईल चाळत बसायचं होतं फक्त. शिक्का दुसऱ्याचा, सही दुसऱ्याची, ताई खूश, तलवार भाच्याच्या घरी. शिवाय तिचं स्टुलावरचं ते जुनं बोलणंही साहेबांच्या सहीनिशी खरं ठरणार होतं. आणखी काय हवं?

पण साहेबांनी तलवार घोंगडीवर ठेवली आणि दिव्याचा उजेड पात्यावर आडवा पडला. मुठीच्या जरा खाली, जिथे ताईची पावडर नीट पोचली नव्हती, तिथे पोलादात बारीक लाटा दिसल्या. वाळूवरून पाणी ओसरल्यावर राहतात ना, तशा. जुन्या हातघडणीच्या पोलादाची ती खूण. आता अशा लाटा नव्या पात्यावर अ‍ॅसिडनं उमटवताही येतात, रोज पाच येतात तसल्या. पण उमटवणारा मुठीपाशी येऊन थांबतो. आत कोण बघणार आहे? या लाटा थांबत नव्हत्या. तिरक्या तिरक्या मुठीच्या आत शिरत होत्या.

तिनं मान फिरवली. खिडकीतून भिंत बघितली. डोळे आपले पुन्हा तिथेच. डोळ्यांना एकदा नोकरी लागली की ते बहीणभाऊ बघत नाहीत.

आणि खरी बोच वेगळीच होती. स्टुलावर चढलेली ती पोरगी पात्याकडे बघायलाच विसरली होती. मूठ बघितली आणि उतरली. साहेब आत्ता अगदी तेच करत होते. मूठ तुटते, सैल होते, दर पन्नास वर्षांनी बदलतात. शहाणा माणूस आधी पातं बघतो. हे ती स्वतः प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायची, आणि घरच्या तलवारीला मात्र तीस वर्षांत तिनं परत हात लावला नव्हता. कशाला लावेल? निकाल देऊन झाला होता ना.

शिक्का शाईला टेकला.

“साहेब, थांबा,” भिंगबाई म्हणाली. “मूठ उतरवा.”

“कशाला, बाई? उघडच आहे की.”

“उघड आहे तेच बघितलंत तुम्ही. झाकलेलं बघा.”

“अगं ए,” ताई ताठ झाली. “साहेब म्हणतायत ना खोटी? तुझं काय मधेच? तुला तर बघायचाही अधिकार नाही म्हणालीस!”

“मी कुठे बघतेय? साहेबच बघतील.”

साहेब बिचारे दोघींच्या मधे. बाईंचा शब्द मोडायची हिंमत नव्हती आणि ताईंचं ते बोट थेट त्यांच्या नाकावर. शेवटी त्यांनी स्क्रू काढला आणि केस वाळवायचं यंत्र चालू केलं. मूठ राळेनं चिकटवलेली असते, गरम हवेनं राळ मऊ पडते, त्यासाठी ते ठेवलेलं. मुद्दाम विकत घेतलेलं नव्हे हो. बाईंनी घरून आणलेलं, नवऱ्याचे केस गेल्यावर.

दहा मिनिटं घर्र घर्र. मग साहेबांनी मूठ हळूहळू पिळली आणि ती सुटली. आतून राळेचे तुकडे पडले आणि एक कागदाची घडी पडली. मूठ सैल बसू नये म्हणून कोंबलेली.

साहेबांनी ती चिमट्यानं उलगडली. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, अर्धंमुर्धं भरलेलं, निळ्या शाईत.

दोघी बहिणी एकदमच पुढे वाकल्या. डोक्यावर डोकं आपटलं.

“बाबांचं अक्षर,” ताई म्हणाली.

“आडवे सात बघ,” धाकटी म्हणाली. “तीन घरं आहेत आणि ‘नदीई’ लिहिलंय.”

बाबांना कोडं सुटायचं नाही आणि घर रिकामं ठेवायचीही सोय नव्हती. काहीतरी ठोकून भरायचेच. ताई हसायला लागली, हसता हसता पदरानं डोळे पुसले, आणि मग तिच्या लक्षात आलं की साहेब हसत नाहीयेत. ते भिंग लावून पात्याच्या शेपटावर वाकले होते, मुठीच्या आत दडलेल्या त्या भागावर.

“बाई,” साहेब म्हणाले. आवाज पार उतरलेला. “लाटा आतपर्यंत आहेत. टोकापर्यंत. हातोडीच्या खुणा आहेत. आणि दोन जुनी भोकं आहेत, बुजवलेली. म्हणजे या मुठीच्या आधीही...”

“दोन मुठी होऊन गेल्या,” भिंगबाई म्हणाली. “निदान दोन.”

साहेबांनी शिक्क्याची डबी बंद केली आणि कागदावर लिहिलं: पातं जुनं, अंदाजे अडीचशे वर्षं. बाहेर नेण्यास परवानगी नाही.

ताई उठली ती तडक जिन्यावर. भिंगबाई मागोमाग. पहिल्या मजल्याच्या वळणावर गाठलं.

“तुझा डोळाच होता त्या तलवारीवर!” ताईचं बोट थेट छातीवर. “इतकी वर्षं. मला मिळाली म्हणून. आता मी जाणार, तलवार इथे राहणार, आणि इथे आहे कोण? तूच की!”

“ताई, अगं खरी आहे ती!”

“मला सांगतेस? मला ठाऊक नव्हतं का?”

भिंगबाई कठड्याला धरून उभी राहिली. “तुला ठाऊक होतं?”

“बाबांनी माझ्यासमोर बसवली ती मूठ. जुनी सडली म्हणून लेथवाल्याकडून करून आणली होती. मी राळ ढवळली. कागद कोंबला ते मात्र मी विसरले होते.” ताईचं बोट पुन्हा वर झालं. “तू स्टुलावरून उतरून आत गेलीस ना त्या दिवशी, तेव्हा बाबा म्हणाले, पोरगी मूठ बघून गेली, पातं बघितलंच नाही.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“तू विचारलंस का कुणाला? तू सांगून मोकळी झाली होतीस.”

खालून कुणीतरी लोखंडी पेटी वर चढवत होतं, त्यांना वाट द्यायला दोघी भिंतीला चिकटल्या. पेटी गेल्यावर धाकटीच्या डोक्यात उजेड पडला.

“म्हणजे तू मुद्दाम माझ्याकडे आणलीस! मी एकदा खोटी म्हणाले म्हणून!”

“मग?” ताईला लाजबीज काही नाही. “म्हटलं, ही एकदा बोलली की बोलली. मरेल पण शब्द फिरवायची नाही. लहानपणापासून बघतेय मी तुला. तुझी चूक एवढी वर्षं सांभाळली मी, म्हटलं आता एकदा तरी कामाला येऊ दे. आणि नेमकी आजच तुला अक्कल आली!”

भिंगबाईला राग यायला हवा होता. आला नाही. इतकं बिनचूक तिला आजवर कुणी पारखलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा.

“ताई,” ती म्हणाली, “मी चुकले. बाबांसमोर चुकले, चार माणसांसमोर चुकले. पण आज गप्प बसले असते ना, तर ती चूक शिक्का मारून पक्की झाली असती. अडीचशे वर्षांची वस्तू कायमची खोटी. बाबांचं म्हणून जे नेणार होतीस, तेच खोटं म्हणून नेलं असतंस तू.”

ताई पायरीवर बसली. बॅगा भरतानाही इतकी दमली नव्हती. “मग मी काय नेऊ गं?” ती म्हणाली, आणि या वेळी बोट मांडीवरच राहिलं. “तिकडे सगळं सुनेचं आहे. पडदे सुनेचे, चमचे सुनेचे. भिंतीवर एक तरी माझ्या घरचं नको का?”

धाकटीही शेजारी बसली. तेवढ्यात वरून कडक शर्टाचा आवाज खाली आला. साहेब जिन्यात उभे, हातात रुमालावर ठेवलेली पितळी मूठ.

“बाई, एक विचारायचं होतं. मी पात्याचं लिहिलं. पण या मुठीचं काय करायचं? ही काही जुनी नाही. नियमात बसत नाही. हिला बंदी कशी घालणार?”

भिंगबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की साहेबांना वाटलं परत काहीतरी चुकलं. पुढच्या आठवड्यापासून बाई त्यांना स्वतःच्या डब्यातलं देऊ लागल्या, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

मूठ बाबांनी करवून घेतलेली, बाबांनी बसवलेली. पणजोबांच्या हातात पातं असेल, पण बाबांचा हात फिरला होता तो या पितळावर. ताईनं ती उचलली. आत अजून राळेचा वास होता. “पुन्हा घासू नकोस,” धाकटी पटकन म्हणाली. “पावडर तर अजिबात नको.”

“मला शिकवतेस? पातं न बघता निकाल देणारी?”

हे वाक्य आता जन्मभर ऐकायचंय, हे धाकटीला तिथेच कळलं.

साहेबांनी मुठीसाठी वेगळा कागद केला: पितळी मूठ, जुनी नाही, नेण्यास हरकत नाही. खाली शिक्का. ताईनं तो दोनदा वाचला आणि विचारलं, “‘सुबक’ असं घालता येईल का?” साहेब म्हणाले तशी जागा नाही. ताई म्हणाली समासात घाला. साहेबांनी घातलं!

शब्दकोड्याच्या कागदावरून मात्र चांगलीच जुंपली. दोघींनाही हवा होता. धाकटी म्हणाली, तो पुरावा आहे, पात्याबरोबर राहायला हवा. ताई म्हणाली, तो मुठीत होता, मुठीबरोबर जाणार. कायद्यानं बघितलं तर दोघीही बरोबर. शेवटी थोरलेपणा जिंकला, दुसरं काय होणार होतं? धाकटीनं मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि शनिवारपर्यंत तोंड फुगवून बसली. विमानतळावर सोडायला मात्र गेली. जाताना ताईला तीन वेळा विचारलं, कागद कुठे ठेवलायस, आणि तीनही वेळा ताईनं सांगितलं नाही.

पातं भिंगबाईच्या घरी आलं. तिनं त्याला तेलाचं बोट लावलं, सुती कापडात गुंडाळलं आणि कपाटावर आडवं ठेवलं. नवी मूठ बसवली नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाली, सवड मिळाली की बघू.

महिन्याभरानं भाच्याचा फोन आला. आईचं बरं चाललंय, मूठ हॉलमध्ये लावलीय. “आणि मावशी, घरी कुणीही आलं की आई आधी मूठ दाखवते. मग लोक विचारतात, तलवार कुठाय? तर आई सांगते, पातं माझ्या बहिणीकडे आहे. ती त्यातली मोठी जाणकार आहे. एकोणतीस वर्षांत एकदाच चुकली.”

भिंगबाई फोन कानाला धरून उभी राहिली. दोन्ही दोऱ्यांची गाठ बसली होती, ती एका हातानं सोडवता येईना.

“‘एकदाच’ असं ती स्वतः म्हणाली,” तिनं विचारलं, “की तू घातलंस?”

“स्वतः म्हणाली, मावशी. देवाशपथ.”

“परत म्हणाली ना, की मला फोन लाव,” भिंगबाई म्हणाली. “आणि तिच्याजवळ धर.”